तीनशे मीटरचा अंधार

बोरिवलीत, मुलुंडमध्ये किंवा आरेच्या कडेला उंच इमारतीत राहणाऱ्याला रात्री गॅलरीतून दिव्यांच्या रांगांमध्ये एक मोठा काळा पट्टा दिसतो. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या जंगलात आणि त्याच्या आसपास २०१५ च्या पाहणीत ३५ बिबटे नोंदले गेले, तर २०१८ च्या पाहणीत ४७. त्या काळोखात काय हालते आहे हे पाहावेसे वाटणे साहजिक आहे, आणि आता साध्या मोबाइलच्या किमतीत एका डोळ्याने पाहायची नाइट व्हिजन दुर्बीण घरपोच मिळते. तिच्या खोक्यावर सर्वांत ठळक छापलेले असते ते अंतर, समजा ३०० मीटर. बहुतेकांची खरेदी त्या आकड्यावर ठरते आणि तिथेच फसते. पहिले उपकरण घेताना किती लांबचे दिसते हे शेवटी विचारावे. त्याआधी विचारावे, जे दिसेल ते ओळखू येईल का?

अंतराचा आकडा खोटाच असतो असे नाही, पण तो कशाचा आहे हे खोके सांगत नाही. अमेरिकी सैन्यासाठी काम करणाऱ्या जॉन जॉन्सन या संशोधकाने १९५८ मध्ये याची मोजपट्टी मांडली. ‘तिथे काहीतरी आहे’ एवढे कळायला त्या वस्तूवर साधारण दोन पिक्सेल पुरतात. ते माणूस आहे की जनावर, हे कळायला आठेक लागतात आणि जनावर नेमके कोणते हे ठरवायला तेराच्या आसपास. म्हणजे ३०० मीटर हे ‘काहीतरी आहे’ कळण्याचे अंतर असेल, तर जनावर आहे हे ७५ मीटरवर कळेल आणि कुत्रा की बिबट्या हे पन्नास मीटरच्याही आत. हासुद्धा पुरेसा उजेड धरून केलेला हिशेब झाला. उपकरणाच्या स्वतःच्या अवरक्त दिव्याचा प्रकाश अंतर दुप्पट झाले की चौथाईवर येतो. याच जंगलात बिबटे मोजणाऱ्यांनी लांब पल्ल्याच्या दुर्बिणींवर भिस्त ठेवली नव्हती. पायवाटेलगतच्या झाडांना त्यांनी कॅमेरे बांधले. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरची ठिपक्यांची नक्षी वेगळी असते आणि ती वाचायची तर जवळूनच वाचावी लागते.

लांबचेही दिसले तर बिघडले कुठे, असे कोणी म्हणेल. बिघडते ते असे की कमी किमतीत लांबचा पल्ला फुकट मिळत नाही. भिंगाचा व्यास तोच ठेवून प्रतिमा दुप्पट मोठी केली, तर चित्राचा उजेड चौथाई होतो आणि दृश्याची रुंदी निम्मी. झाडीत हललेले जनावर त्या अरुंद चौकटीत सापडतच नाही. शिवाय हाताचा कंपही तितकाच मोठा होऊन दिसतो. ‘डिजिटल झूम’ हा तर नुसता चित्र ताणण्याचा प्रकार आहे, त्यातून नवा तपशील निघत नाही. म्हणून मोठे भिंग आणि कमी वर्धन ही जोडी पहिल्या खरेदीला बरी.

प्रकार निवडतानाही आपली जागा पाहावी. जुन्या पद्धतीच्या स्वस्त नळीच्या दुर्बिणी चंद्र-चांदण्यांचा प्रकाश वाढवून दाखवतात, पण कडेला चित्र विस्कटते आणि तीव्र प्रकाशाने नळी खराब होऊ शकते. मोटारींचे झोत आणि हॅलोजन जिथे क्षणोक्षणी समोर येतात, त्या उपनगरात हा धोका कशाला? डिजिटल उपकरणात मोबाइलसारखाच सेन्सर असतो. दिव्याचा झोत पडला तर चित्र क्षणभर पांढरे होते, एवढेच. थर्मल उपकरण उष्णतेवर चालते, त्याला उजेड लागतच नाही आणि झाडीतला प्राणी त्यात चटकन उठून दिसतो. मग तेच का घेऊ नये? एक तर त्याची किंमत डिजिटलच्या कित्येक पट असते. दुसरे म्हणजे मुंबईच्या दमट, उबदार रात्री परिसर आणि प्राणी यांच्या तापमानातला फरक घटतो, त्यामुळे चित्र फिके पडते. शिवाय स्वस्त थर्मलमध्ये उष्ण आकृती दिसते, अंगावरचे ठिपके नाहीत. प्राणी शोधायला ते उत्तम, ओळखायला अपुरे.

म्हणून सामान्य ग्राहकाने साधे डिजिटल उपकरण घ्यावे, पण काही गोष्टी तपासून. अवरक्त दिवा ८५० नॅनोमीटरचा असेल तर पल्ला जास्त मिळतो, मात्र दिव्याचा लालसर ठिपका समोरून दिसतो. ९४० चा दिवा माणसाच्या डोळ्याला दिसत नाही, पण त्याची पोच कमी. दिव्याची तीव्रता कमी-जास्त करता आली पाहिजे, कारण पावसाच्या थेंबांवरून आणि धुक्यावरून तो प्रकाश परत येऊन पांढरा पडदा धरतो. खिडकीच्या काचेवरूनही तेच होते, तेव्हा पाहताना काच सरकवावी. थर्मलला तर काचेपलीकडचे दिसतच नाही. पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या या भागात निदान पाण्याच्या शिंतोड्यांना दाद न देणारे, म्हणजे ‘आयपीएक्स ४’ दर्जाचे उपकरण हवे. दिवा बॅटरी भराभर खातो, म्हणून बाजारात सहज मिळणारे सेल चालतात का, तेही पाहावे.

बिबट्यापासून बचावासाठी हे उपकरण हवे, हा युक्तिवाद मात्र टिकत नाही. डोळ्याला लावलेली अरुंद चौकट आजूबाजूचे झाकते आणि उजळ पडद्याने डोळ्यांची अंधाराची सवय मोडते. रात्रीच्या वाटेवर साधी टॉर्च, सोबत आणि सोसायटीबाहेर कचरा साचू न देणे अधिक कामाचे, कारण कचऱ्यावर कुत्रे जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मुळे परवानगीवाचून उद्यानात शिरता येत नाही, आणि हातात दुर्बीण असली म्हणून तो बदलत नाही. तीच दुर्बीण समोरच्या इमारतीतल्या खिडकीकडे वळवणे तर थेट गुन्ह्याच्या वाटेला नेऊ शकते. राहते काय, तर आपल्या कंपाउंडच्या भिंतीपलीकडचे पन्नास मीटर. स्वस्त उपकरण तेवढेच नीट दाखवते, आणि भिंतीवरून उतरलेले ते जनावर बिबट्या नसून उदमांजर होते, हे कळायला तेवढे पुरते.