मंत्र्याला सभागृहात बोलवायचं कसं? आयर्लंडच्या वरिष्ठ सभागृहाची रीत

डब्लिनच्या किल्डेअर स्ट्रीटवर लेन्स्टर हाउस ही अठराव्या शतकातली हवेली आहे. एका उमरावासाठी बांधलेल्या या वास्तूत १९२२ पासून आयर्लंडची संसद भरते. जनतेनं थेट निवडलेलं सभागृह म्हणजे ‘डॉल’, आणि ६० सदस्यांचं वरिष्ठ सभागृह म्हणजे ‘शॅनड’. मंत्री जवळजवळ सगळे डॉलमधले असतात. त्यामुळे शॅनडच्या सदस्याला एखाद्या राष्ट्रीय धोरणावर बोलायचं, तर आधी संबंधित मंत्र्याला समोर आणावं लागतं.

समजा, वायव्येकडच्या डोनेगल कौंटीतल्या एका सिनेटरबाईंना मासेमारीवर बोलायचं आहे. तिथलं किलीबेग्ज हे देशातलं सर्वांत मोठं मासेमारी बंदर. ब्रेक्झिटच्या करारात ब्रिटनचा हिस्सा वाढला आणि आयर्लंडच्या मॅकरेलच्या कोट्याला कात्री लागली. मॅकरेल म्हणजे आपल्या बांगड्याचाच भाऊबंद.

बाईंसमोर पहिली वाट आहे ती कामकाजाच्या आरंभी येणाऱ्या विषयांची. त्या आधी लेखी सूचना देतात. आलेल्या सूचनांतून सभापती मोजकेच विषय निवडतात. मग बाई विषय मांडतात, मंत्री किंवा राज्यमंत्री उत्तर देतात आणि बाईंना त्यावर थोडं बोलता येतं. आपल्या विधान परिषदेतल्या लक्षवेधीची आठवण करून देणारी ही पद्धत. बंदरातल्या एखाद्या रखडलेल्या कामासाठी ती पुरते. पण देशाच्या मासेमारी धोरणावर इतर सदस्यांनाही बोलायचं असेल, तर त्यासाठी इथे जागा नाही.

त्यासाठी दुसरी वाट आहे. दिवसाचं कामकाज कोणत्या क्रमानं घ्यायचं, याचा प्रस्ताव सभागृह नेते मांडतात. या नेत्याची नेमणूक पंतप्रधान, म्हणजे ‘टीशॉख’, करतात. मालवण तालुक्यातल्या वराड गावाशी नातं सांगणारे लिओ वराडकर २०१७ मध्ये टीशॉख झाले होते. नेत्याचा प्रस्ताव मांडून झाला की सदस्य एकेक करून उठतात. प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं मिळतात. कुणी घरांच्या टंचाईवर चर्चा मागतं, कुणी आरोग्यसेवेवर. आपल्या बाई मासेमारीवर चर्चा घेण्याची आणि त्यासाठी मंत्र्यांना बोलावण्याची विनंती करतात. शेवटी नेते सगळ्यांना उत्तर देतात आणि मागणी मंत्र्यांच्या कार्यालयाकडे पोहोचवण्याची जबाबदारी घेतात.

इथवर ही नुसती विनंतीच. नेत्यांनी ‘प्रयत्न करतो’ एवढंच म्हटलं, तरी नियम मोडत नाही. मात्र सदस्याच्या हाती आणखी एक साधन आहे: कामकाजाच्या क्रमालाच दुरुस्ती सुचवणं. ‘ही चर्चा आजच घ्या’ अशी दुरुस्ती बाई मांडतात आणि दुसरा सदस्य तिला अनुमोदन देतो. नेत्यांनी ती मान्य केली नाही आणि बाईंनी आग्रह सोडला नाही, तर घंटा वाजते आणि मतदान होतं. होकारासाठी आयरिश भाषेतला शब्द ‘टॉ’, नकारासाठी ‘नील’. ६० पैकी ११ सदस्य टीशॉखनीच नेमलेले असल्यानं बहुमत सहसा सरकारचं असतं आणि दुरुस्ती बहुधा पडते. तरीही कोणी कुठे मत दिलं, हे नावानिशी छापलं जातं. म्हणून पुष्कळदा नेते मतदान टाळून चर्चेची तारीख देऊ करतात, आणि बाई दुरुस्ती मागे घेतात.

ठरलेल्या दिवशी होते ती ‘निवेदनं’ या स्वरूपाची चर्चा. मंत्री सुरुवात करतात, निरनिराळ्या गटांचे सदस्य बोलतात, शेवटी मंत्री उत्तर देतात. मतदान नसतं. सभागृहाचा स्पष्ट कौल हवा असेल, तर गटाला आपल्या वाट्याच्या खासगी कामकाजाच्या वेळेत रीतसर ठराव आणावा लागतो.

हे सभागृह रद्द करावं का, असा प्रश्न ४ ऑक्टोबर २०१३ रोजी सार्वमताला टाकला गेला. ५१.७ टक्के मतदारांनी ‘नको’ म्हटलं आणि शॅनड टिकलं. तिथे चर्चा मागणाऱ्याकडे बहुमत नसलं, तरी उद्या पुन्हा उठून तोच विषय मांडायची मुभा आहे. आज एका गटाचा सदस्य उठतो, उद्या दुसऱ्या गटाचा. आणि मागणी जितक्या बाकांवरून येते, तितकं नेत्यांना तारीख न देणं अवघड होत जातं. किलीबेग्जच्या मच्छीमाराचं म्हणणं मंत्र्याच्या कानावर पडतं, त्यामागे अशा अनेक सकाळींचा पाठपुरावा असतो.