निवासी डॉक्टर आणि लोकभाषा

‘निवासी डॉक्टर’ ही संज्ञा तुमच्या परिचयाची आहे. ‘निवासी’ हा शब्द संस्कृत ‘वस्’ म्हणजे राहणे या धातूपासून सिद्ध झाला. पदव्युत्तर शिक्षण घेणारा डॉक्टर रुग्णालयात राहून शिकतो, म्हणून तो निवासी. परंतु महानगरातील रुग्णालयात राहणे म्हणजे रुग्णांच्या समाजात राहणे नव्हे.

हे अंतर कमी करणारी तरतूद २०२० साली झाली. ‘जिल्हा निवासी कार्यक्रमा’नुसार एम.डी., एम.एस.च्या विद्यार्थ्यांनी तीन महिने जिल्हा आरोग्यव्यवस्थेत काम करणे अनिवार्य ठरले. दंतवैद्यकाचा एम.डी.एस. अभ्यासक्रम मात्र या नियमाबाहेर आहे.

येथे भाषेचा संबंध कसा येतो? भिवंडी तालुक्यातील दापोडे हे गाव विचारात घ्या. या परिसरातील आगरी बोलीत ‘ळ’च्या जागी ‘ल’ येतो. ‘डोळा’चा ‘डोला’ होतो. यंत्रमाग व गोदामांमुळे तालुक्यात हिंदी, उर्दू, तेलुगू भाषकही आहेत. शिवाय मराठीत वेदनेचे शब्द अनेक: दात ठणकतो, पोटात मुरडा येतो, पाठीत चमक भरते. प्रत्येक शब्द वेदनेचे वेगळे स्वरूप सांगतो. डॉक्टरने सरसकट ‘दुखते’ एवढीच नोंद केली, तर निदानाचा एक दुवा निसटतो.

म्हणून आरोग्यसेवा अपुरी असलेल्या भागांत वैद्यक व दंतवैद्यकाचे नवे निवासी कार्यक्रम हवेत आणि स्थानिक बोलीचा परिचय हा त्यांच्या अभ्यासक्रमाचाच भाग हवा.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील पाच वेदनावाचक शब्द मिळवून त्यांतील अर्थभेद स्पष्ट करा.