चीनचं गोदाम आणि आमचा मोंढा

२०११ च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला सात हजारांच्या घरात गेला, तेव्हा बीड जिल्ह्यातल्या गेवराई-माजलगावच्या मोंढ्यात एकच नाव ऐकू यायचं: चायना. चायनाची मागणी आहे, माल धरून ठेवा, असं अडतेही सांगायचे आणि चहावालाही. माझा या विषयाचा नाद तिथूनच सुरू झाला. उगवत्या महासत्तेचे बेत ओळखायचे तर तिच्या नेत्यांच्या भाषणांपेक्षा तिच्या गोदामांकडे लक्ष ठेवावं, असं माझं तेव्हापासूनचं ठाम मत आहे.

बाहेरच्या जगाशी चीनने जोडलेल्या नात्याचा इतिहास भराभर सांगतो. १९५४ चा पंचशील करार, १९५५ ची बांडुंग परिषद, सत्तरच्या दशकात चीनने स्वतः गरीब असताना बांधून दिलेली टांझानिया-झांबियाची १,८६० किलोमीटरची रेल्वे, २००० सालचा आफ्रिकी देशांबरोबरचा सहकार्य मंच आणि २००१ मधला जागतिक व्यापार संघटनेतला प्रवेश. आपल्या कामाची गोष्ट या प्रवेशात दडलेली आहे. वर्षाला ८ लाख ९४ हजार टन कापूस १ टक्का शुल्कावर आत घ्यायचं चीनने कबूल केलं. त्यावरचा माल किती आणि कोणत्या शुल्कावर घ्यायचा, हे तिथलं सरकार ठरवतं. शुल्क चाळीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. दाराची कडी अशी आतून आहे.

२०११ च्या हंगामात चीन सरकारने आपल्या शेतकऱ्यांचा कापूस टनाला १९,८०० युआन या बांधलेल्या भावाने घ्यायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी तो भाव २०,४०० झाला. हा भाव जगाच्या बाजारापेक्षा चढा होता. त्यामुळे देशातली रुई सरकारी गोदामात आणि गिरण्यांना बाहेरची रुई स्वस्त, असा उलटा खेळ सुरू झाला. २०११-१२ मध्ये भारतातून सुमारे १ कोटी ३० लाख गाठी बाहेर गेल्या आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त एकट्या चीनला. ५ मार्च २०१२ रोजी आपल्या सरकारने निर्यातीवर अचानक बंदी घातली. कृषिमंत्री शरद पवारांनी आपल्याला विचारलंच नाही म्हणून उघड विरोध केला आणि आठवड्याभरात सरकारला मागे यावं लागलं.

त्या दिवसांत मी माजलगावच्या एका जिनिंगवर बराच वेळ काढायचो. क्विंटलभर कापसातून साधारण ३४-३५ किलो रुई निघते, बाकी सरकी. रुई दाबून १७० किलोची गाठ बांधतात, पण भाव बोलतात तो ३५६ किलोच्या खंडीवर. तिथला ग्रेडर ढिगातून चिमूटभर रुई उचलायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा, जुळवून पुन्हा ओढायचा आणि उरलेला पुंजका काळ्या बाहीवर ठेवून धाग्याची लांबी सांगायचा. मालकांच्या मोबाईलवर झेंगझोऊचे वायदेभाव उघडे असायचे. धारूरच्या बालाघाटात वेचलेल्या बोंडाचा भाव हेनान प्रांतातल्या एका शहरात हलतो, हे पाहून मी थक्क व्हायचो. आजही होतो.

२०१४ पर्यंत चीनच्या सरकारी गोदामांत एक कोटी टनांहून जास्त रुई साठली. मग त्यांनी ही खरेदी थांबवली, शिनजियांगच्या शेतकऱ्यांना भावातला फरक थेट द्यायला सुरुवात केली आणि साठा बाजारात सोडला. २०१४-१५ मध्ये आपली निर्यात आदल्या वर्षाच्या जवळपास निम्म्यावर आली. ४,०५० च्या हमीभावासाठी सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रांपुढे गाड्यांच्या रांगा लागल्या.

सरकारने कापूस घ्यायचा प्रयोग आपल्याला नवा नव्हता. महाराष्ट्राने १९७२ मध्ये एकाधिकार खरेदी योजना आणली. तेव्हाही सरकार मोठं खरेदीदार होतं, तोटाही झाला. पण सीमाशुल्क राज्याच्या हातात नव्हतं आणि शेजारी भाव चढला की कापूस रातोरात राज्याबाहेर जायचा. चीनकडे खरेदी, साठा आणि शुल्क अशी तिन्ही साधनं एकाच हातात आहेत. गरीब देशांना जवळ करणं आणि प्रतिस्पर्ध्याला चिमटा काढणं, दोन्ही कामं त्यातूनच होतात.

बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार कापूसउत्पादक देशांनी २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या कानकुन परिषदेत अमेरिकेच्या अनुदानांविरुद्ध आवाज उठवला. ब्राझीलने तर अमेरिकेला जागतिक व्यापार संघटनेत खेचलं, खटला जिंकला आणि २०१४ मध्ये तीस कोटी डॉलर घेऊन तडजोड केली. या भांडणाचा फायदा चीनने शांतपणे घेतला. १ डिसेंबर २०२४ पासून त्याने अतिगरीब देशांच्या सगळ्या मालावरचं शुल्क शून्य केलं. कापसाला मात्र ही सवलत कोट्यापुरतीच. मार्च २०२५ मध्ये अमेरिकी कापसावर १५ टक्के जादा शुल्क बसवलं. २०२३-२४ मध्येच अमेरिकेला मागे टाकून कापसाचा सर्वात मोठा निर्यातदार झालेल्या ब्राझीलला हे सोयीचंच होतं. आपण या दोन्ही रांगांत नाही: ना अतिगरीब, ना ब्राझीलसारखे स्वस्तात ढीगभर पिकवणारे. आपली रुई आणि सूत आज बांगलादेशाकडे जास्त जातं, आणि त्यांनीही एप्रिल २०२५ मध्ये भूमार्गाने येणारं आपलं सूत अडवलं.

अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावर ५० टक्के कर लावला. कापड गिरण्यांना आधार म्हणून दिल्लीने कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क १९ ऑगस्टपासून काढलं आणि ही सूट ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. गिरण्यांची अडचण खरी होती, पण आपल्याकडे वेचणीचा भर याच महिन्यांत असतो. लांब धाग्याचा हमीभाव त्या हंगामात ८,११० होता. तो मिळवायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी हवी होती आणि ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा होता. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत भिजलेल्या पऱ्हाटीचा पहिला वेचा त्या मर्यादेत बसणं अवघड होतं. शुल्कमाफीची मुदत ठरवणाऱ्यांनी तेव्हा ओलाव्याची अट सैल करायला हवी होती आणि दिवाळी संपताच जिल्ह्यातली खरेदी केंद्रं उघडायला हवी होती. मोंढ्यात खाजगी भाव पाडायला उशिराचे चार आठवडे पुरतात.