साक्षीदार नसलेली दुर्घटना : अल्पखर्ची चित्रपट आणि सत्याचा दावा

कादंबरी किंवा नाटक यांचे चित्रपटात माध्यमांतर होते तेव्हा दिग्दर्शकाच्या हाताशी एक लिखित संहिता असते. प्रस्तुत घटकात आपण विचार करणार आहोत तो अशा चित्रपटांचा, ज्यांच्यामागे संहिता नसून प्रत्यक्षात घडलेली दुर्घटना असते. कोणी भर समुद्रात मागे राहतो, कोणी हिमशिखरावरून उतरताना जायबंदी होतो, कोणी पुराच्या पाण्यात झाडावर अडकतो. तेथून पुढे उरते ती केवळ तगून राहण्याची धडपड. अशा कथा मोठ्या निर्मितिसंस्थांनी हाताळल्या आहेतच. परंतु गेल्या काही दशकांत अगदी तुटपुंज्या भांडवलावर काढलेल्या चित्रपटांनी या प्रकारात स्वतःची वाट पाडली. त्याचे एक कारण उघड आहे. दुर्घटनेने पात्रांना एकाच जागी जखडून ठेवलेले असते, त्यामुळे दोन-तीन नट आणि एक स्थळ एवढ्यावर चित्रपट उभा राहतो. दुसरे कारण असे की, नामवंत नट नसलेल्या चित्रपटाला प्रेक्षक मिळवून देण्याचे काम आरंभी पडद्यावर येणारे ‘सत्यघटनेवर आधारित’ हे दोन शब्द करतात. हे दोन शब्द प्रेक्षकाला नेमके कशाचे आश्वासन देतात, हा या घटकातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

त्यासाठी ‘ओपन वॉटर’ हा २००३ सालचा अमेरिकन चित्रपट तपशिलाने पाहू.

मूळ घटना

२५ जानेवारी १९९८ रोजी ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड राज्याच्या किनाऱ्यापासून दूर, ग्रेट बॅरियर रीफ या विस्तीर्ण प्रवाळभित्तीवर पर्यटकांना घेऊन एक बोट गेली होती. पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरण्याचा तो कार्यक्रम होता. त्यांत एक अमेरिकन दांपत्य होते. प्रशांत महासागरातील बेटांवर स्वयंसेवक म्हणून अध्यापन करून ते परतीच्या प्रवासाला निघाले होते. दिवसातील शेवटची बुडी संपली, प्रवाशांची मोजणी झाली आणि बोट किनाऱ्याकडे निघाली. ती मोजणी चुकली होती. पतिपत्नी पाण्यातच राहिली.

या घटनेतील सर्वांत अस्वस्थ करणारा तपशील समुद्रातला नाही, तो जमिनीवरचा आहे. दोन माणसे परत आलेली नाहीत, हे कोणाच्या लक्षात येण्यास दोन दिवस लागले. त्यांची पिशवी बोटीवर बेवारस पडून असल्याचे ध्यानात आले तेव्हा शोध सुरू झाला. त्यांचे मृतदेह कधीच मिळाले नाहीत. त्यांच्या वापरातील काही साहित्य पुढे किनाऱ्यास लागले. काही महिन्यांनी पाण्याखाली लिहिण्यासाठी डायव्हर जवळ बाळगतात तशी एक पाटी एका मच्छीमाराला सापडली. तिच्यावर दुसऱ्या दिवशीची, म्हणजे २६ जानेवारीची तारीख, सकाळची वेळ आणि आपल्याला वाचवावे अशी विनंती होती. बोटीच्या कप्तानावर सदोष मनुष्यवधाचा खटला चालला. ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवले. बोटीच्या कंपनीला मात्र दंड झाला. पर्यटकांच्या मोजणीविषयीचे नियम क्वीन्सलंडमध्ये या घटनेनंतर अधिक कडक झाले.

एवढे ज्ञात आहे. मोजणी चुकल्यापासून पाटीवरच्या त्या मजकुरापर्यंत आणि त्यानंतर शेवटपर्यंत त्या दोघांमध्ये काय बोलणे झाले, कोण आधी खचले, कोणी कोणाला धीर दिला, याला साक्षीदार नाही. शार्क माशांनीच त्यांचा अंत केला, असे सिद्ध करणारा पुरावाही मिळाला नाही. चित्रपटाचा जवळजवळ सगळा विस्तार नेमक्या याच रिकाम्या जागेत आहे.

मराठीच्या अभ्यासकाला ही परिस्थिती अनोळखी वाटू नये. रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ या १९६२ सालच्या कादंबरीत माधवराव आणि रमाबाई यांचे एकांतातील संवाद आहेत. ते कोणत्याही बखरीत नाहीत आणि तशी अपेक्षा वाचकही करत नाही. ऐतिहासिक कादंबरीकार कागदपत्रांतील मोकळी जागा कल्पनेने भरतो, हा लेखक-वाचकांतील जुना करार आहे. मात्र माधवराव आणि कादंबरीकार यांच्यामध्ये जवळजवळ दोन शतकांचे अंतर होते. येथे घटना आणि चित्रपट यांत पाच वर्षांचे अंतर आहे, आणि त्या दांपत्याच्या आप्तांचे दुःख अजून ओले आहे. कराराची भाषा तीच असली तरी तिचा भार बदलतो.

पैशाची टंचाई आणि दृष्टिबिंदू

‘ओपन वॉटर’ बनवला तो ख्रिस केंटिस आणि लॉरा लाउ या पतिपत्नींनी. दोघेही स्वतः डायव्हर. खर्च सव्वा लाख डॉलरच्या आसपास, म्हणजे हॉलिवूडच्या हिशेबात नगण्य. हातात मावणारे डिजिटल व्हिडिओ कॅमेरे घेऊन दोघांनीच बहुतेक चित्रण केले. ब्लँचर्ड रायन आणि डॅनिएल ट्रॅव्हिस हे तेव्हा फारसे परिचित नसलेले नट होते. संगणकाने शार्क निर्माण करणे परवडणारे नव्हते, म्हणून नटांना बहामा बेटांजवळच्या पाण्यात खऱ्या शार्कांमध्ये उतरवले. पोहण्याच्या पोशाखाखाली संरक्षणासाठी लोखंडी कड्यांची जाळी होती, एवढीच काय ती सोय. २००४ च्या सनडान्स महोत्सवात लायन्सगेट या कंपनीने हा चित्रपट २५ लाख डॉलरना विकत घेतला आणि जगभरातील त्याचे उत्पन्न पाच कोटी डॉलरच्या पुढे गेले. हे आकडे चित्रपटाच्या थोरवीसाठी दिलेले नाहीत. ‘सत्य’ हा शब्द बाजारात किती मोलाचा ठरतो, ते त्यांतून दिसते.

साहित्यविचाराच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, टंचाईमुळे चित्रपटाचा दृष्टिबिंदू संकुचित झाला आणि तो संकोच त्याला लाभला. कॅमेरा बहुतेक वेळ पाण्याच्या पातळीवर आहे. पात्रांना जेवढे दिसते, साधारण तेवढेच आपल्याला दिसते. त्यांच्या पायाखाली काय आहे ते त्यांनाही माहीत नाही आणि आपल्यालाही. रात्रीच्या वादळाचा प्रसंग पाहावा. पडदा जवळजवळ काळा होतो, विजेच्या क्षणिक उजेडात चेहरे उमटतात आणि विझतात, बाकी सारे ध्वनीवर सोपवलेले आहे. मुबलक पैसा असता तर येथे बहुधा लाटांचे डोंगर दिसले असते. सूचकतेविषयी काव्यशास्त्रात आपण जे शिकतो ते येथे गरजेपोटी घडले आहे.

चित्रपटाने पात्रांची नावे बदलली, स्थळ बदलले, काळ आजचा केला. मोजणी कशी चुकते हे मात्र त्याने आरंभी सावकाश दाखवले आहे : मुखवटा विसरलेला एक प्रवासी उशिरा पाण्यात उतरतो आणि हिशेबात घोटाळा होतो. कोणी दुष्ट नाही, कोणी बेफिकीर म्हणावे असेही नाही. कागदावरच्या खुणा तेवढ्या चुकतात. प्रस्तुत लेखकाच्या मते हा चित्रपटातील सर्वांत प्रामाणिक भाग होय. त्यानंतर पतिपत्नींमध्ये चूक कोणाची यावरून जी वादावादी होते, तीही पूर्णपणे कल्पित असूनही खरी वाटते. संकटात माणसे उदात्त बोलत नाहीत, आधीची भांडणेच पुढे चालवतात, हे लेखकद्वयाने जाणले आहे.

परंतु एके ठिकाणी चित्रपटाने घटनेचा गाभा हलवला आहे. पडद्यावर बोटीवरील माणसांना दुसऱ्याच दिवशी सकाळी सामान दिसते आणि लगेच शोध सुरू होतो. वास्तवात दोन दिवस गेले होते. कथेची लय सांभाळण्यासाठी हा कालसंक्षेप केला असणार, हे समजण्यासारखे आहे. तरीही त्यामुळे भीतीचे केंद्र सरकते. वास्तवातील भीती आपली कोणाला आठवणच झाली नाही याची आहे. चित्रपटातील भीती मुख्यतः शार्कची आहे. बेटावर त्या रात्री चाललेली मौज मधूनच दाखवून दिग्दर्शक पहिल्या भीतीकडे वळतो, पण फार वेळ तेथे थांबत नाही.

साक्षीदार जिवंत असतो तेव्हा

याउलट उदाहरण ‘ब्लॅक वॉटर’ या २००७ सालच्या ऑस्ट्रेलियन चित्रपटाचे. दिग्दर्शक डेव्हिड नर्लिच आणि अँड्र्यू ट्राउकी. डिसेंबर २००३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीत, पुराने फुगलेल्या फिनिस नदीत अंग धुण्यास उतरलेल्या तीन तरुणांपैकी एकाला मगरीने ओढून नेले. उरलेले दोघे झाडावर चढले. मगर खाली घुटमळत राहिली आणि सुटका होईपर्यंत सुमारे २२ तास ते तसेच झाडावर होते. येथे साक्षीदार दोन आहेत आणि त्यांची हकिगत उपलब्ध आहे. तरीही चित्रपटात तीन मित्रांच्या जागी एक गर्भवती स्त्री, तिचा जोडीदार आणि तिची बहीण येते. खारफुटीत त्यांची नाव उलटते. शेवटी एकटी बहीण उरते आणि ती बंदुकीने मगरीला मारते.

या बदलात काय गमावले? वास्तवातील ते दोघे वाचले ते काहीही न केल्यामुळे. फांदी सोडायची नाही, खाली उतरायचे नाही, रात्र जाऊ द्यायची, एवढेच त्यांचे कर्तृत्व होते, आणि मित्र डोळ्यांदेखत गेलेला असताना ते सोपे नव्हे. कथनशास्त्रात नायकाकडून कृतीची अपेक्षा असते. निव्वळ थांबणे पडद्यावर दीड तास धरून ठेवणे अवघड. म्हणून कथेने बंदूक आणली. मगरीचे स्वतंत्रपणे चित्रित केलेले खरे दृश्य नटांच्या दृश्याशी जोडणाऱ्या या चित्रपटाने मगरीच्या बाबतीत वास्तवाशी जी निष्ठा राखली, ती माणसांच्या बाबतीत राखली नाही.

केव्हिन मॅकडोनाल्ड यांच्या ‘टचिंग द व्हॉइड’ (२००३) या चित्रपटाचा येथे फक्त निर्देश करू. पेरू देशातील सिउला ग्रांदे शिखरावरून १९८५ मध्ये उतरताना पाय मोडलेला जो सिम्प्सन आणि त्याला दोराने खाली सोडत असता अखेर तो दोर कापणारा सायमन येट्स हे दोघेही कॅमेऱ्यासमोर बसून स्वतः बोलतात. प्रसंग नटांकरवी दाखवले जातात. सिम्प्सन वाचला हे पहिल्या क्षणापासून ठाऊक असल्याने ‘काय होणार’ ही उत्सुकता संपते आणि ‘त्याने ते कसे सोसले’ हा प्रश्न उरतो. येट्सवर झालेल्या दोषारोपाला उत्तर देण्याची संधी त्याला स्वतःला मिळते. पाण्यात राहिलेल्या त्या दांपत्याला अशी संधी नव्हती. त्यांच्या रोजनिश्यांतील काही वाक्यांवरून त्यांनी मुद्दाम हे घडवून आणले, अशा वदंता उठल्या तेव्हा त्या खोडून काढण्यास ती दोघे नव्हती.

आपल्या अभ्यासासाठी : ‘ओपन वॉटर’च्या अखेरीस, श्रेयनामावली येत असताना, पकडलेल्या एका शार्कच्या पोटातून कॅमेरा निघतो आणि तो अजून चालेल का, असे कोणीतरी सहज विचारतो. प्रत्यक्षात समुद्राने परत केली ती तारीख आणि वेळ लिहिलेली पाटी. ती चित्रपटात नाही. दिग्दर्शकांनी पाटीऐवजी कॅमेरा का निवडला असावा आणि पाटी ठेवली असती तर शेवटचा अर्थ कसा बदलला असता, यावर सुमारे १५० शब्दांत टिपण लिहा. लिहिताना पाटीवरचा मजकूर तिसऱ्या व्यक्तीने वाचावा म्हणूनच लिहिलेला होता, हे ध्यानात ठेवा.