पोलीस ॲक्शन: नाव एक, कायदा दुसरा

दर 17 सप्टेंबरला बेंबळीपासून नळदुर्गापर्यंत मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा झेंडा चढतो आणि हैदराबाद संस्थानावरच्या 1948 च्या ‘पोलीस ॲक्शन’चा विषय निघतो. नाव पोलिसांचे, म्हणजे सगळा घरचा बंदोबस्त. आंतरराष्ट्रीय कायद्याचा तिथे काय संबंध, असे सर्रास समजले जाते. प्रत्यक्षात 13 सप्टेंबरला सोलापूरकडून निघाले ते मेजर जनरल जयंतनाथ चौधरींचे रणगाडे, आणि त्याच दिवशी बोरी नदीवरचा पूल व नळदुर्ग त्यांच्या हाती आले. हे लष्करी बळच होते. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे कलम 2(4) देशादेशांतल्या संबंधांत बळाचा वापर निषिद्ध ठरवते. कारवाईचे बारसे कसे केले, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. प्रश्न एवढाच, की हैदराबाद हा स्वतंत्र देश होता का?

संस्थानाचा शासक असलेल्या निजामाचा स्वातंत्र्याचा दावा अगदीच पोकळ नव्हता. ब्रिटिशांची अधिसत्ता 1947 च्या भारतीय स्वातंत्र्य कायद्यानेच संपली होती, आणि भारत आणि हैदराबाद यांच्यातल्या 29 नोव्हेंबर 1947 च्या जैसे थे करारात अंतर्गत सुव्यवस्थेसाठी फौज पाठवण्याचा हक्क भारताला मिळत नाही, असे स्पष्ट लिहिले होते. हा आक्षेप टाळून पुढे जाता येत नाही. पण करार मोडणे वेगळे आणि सनद मोडणे वेगळे. त्याच कराराने संरक्षण व परराष्ट्र व्यवहार पूर्वीसारखेच चालू ठेवले होते, आणि हैदराबादला एकाही देशाने मान्यता दिली नव्हती. म्हणून भारताची बाजू मला अधिक भक्कम वाटते.

मात्र ‘संयुक्त राष्ट्रांनी ती उचलून धरली’ हेही खरे नाही. 16 सप्टेंबरला पॅरिसमध्ये सुरक्षा परिषदेने हैदराबादची तक्रार विषयपत्रिकेवर घेतली, काही दिवसांतच निजामाने ती मागे घेतल्याचे कळवले, आणि निवाडा झालाच नाही.

सर्वांत घातक समज शेवटचा: कारवाई वैध, म्हणजे तिच्या ओघात घडलेले सारेच वैध. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांचे अत्याचार या भागाने सोसले, त्याबद्दल दुमत नाही. पण त्यांची शिक्षा ज्यांचा काही संबंध नव्हता अशा मुसलमान कुटुंबांना भोगावी लागली. केंद्र सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज किमान 27,000 ते 40,000 दिला आणि सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव घेतले. हैदराबाद ही आपली अंतर्गत बाब, हा युक्तिवाद मान्य केला की हे मृत आपलेच नागरिक ठरतात, आणि त्यांच्या मारेकऱ्यांना कोर्टात उभे करणे हे आपल्याच सरकारचे कर्तव्य. तो अहवाल मात्र कित्येक दशके अप्रकाशित राहिला.