दोन फाटकं आणि उसाची गाडी

२००३ च्या दिवाळीत कराडला मामांच्या १९९८ सालच्या संगणकात मी ४० जीबीची हार्डडिस्क बसवली. रॅम मोजून झाली आणि डिस्क ओळखायच्या ओळीवर पडदा थिजला. दुकानदार म्हणाला, "मदरबोर्ड जुना झालाय, नवाच घ्या." मामांचा चेहरा पडला. डिस्क फिरवून बघितली, तर केबलच्या खाचेशेजारी हरभऱ्याच्या डाळीएवढा जंपर. मामींच्या भुवयांच्या चिमट्यानं तो स्टिकरवरच्या चित्राबरहुकूम सरकवला आणि मशिन सुरू झालं. डिस्क स्वतःचं माप कमी सांगू लागली; त्यात सहाएक जीबी गेले, मदरबोर्ड वाचला. १९९९ च्या आधीच्या बऱ्याच बायोसना, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामना, ३३.८ जीबीच्या पुढं मोजताच येत नसे, हे नंतर कळलं.

तेव्हापासून मी असल्या भिंती गोळा करतोय. ५२८ एमबी, ८.४ जीबी, ३३.८, १३७, आणि अलीकडची २.२ टीबी. सगळ्यात गमतीची पहिली.

डिस्कवरची जागा सिलिंडर, हेड आणि सेक्टर अशा तीन आकड्यांनी सांगत. बायोसच्या वहीत सिलिंडरसाठी १०२४ पर्यंत जागा, हेडसाठी २५६, सेक्टरसाठी ६३. आयडीई डिस्कच्या वहीत हेच आकडे ६५,५३६, १६ आणि २५५. पहिली वही एकटी ८.४ जीबी मोजते, दुसरी एकटी १३६.९. पण आकडा दोन्ही वह्यांत बसायला हवा, म्हणून प्रत्येक रकान्यातला लहान आकडाच चालणार: १०२४, १६, ६३. सेक्टरचे ५१२ बाइट धरून गुणाकार करा, येतात ५२,८४,८२,३०४ बाइट. एक फाटक रुंद पण बुटकं, दुसरं उंच पण चिंचोळं. उसानं भरलेली गाडी दोन्हींतून काढायची, तर अर्ध्याहून जास्त ऊस बांधावरच उतरवावा लागतो. दोन्ही फाटकवाल्यांनी आपापल्या परीनं उदारपणाच केला होता. एकमेकांना विचारलं मात्र नाही.

पुढं हेड वाढवून सिलिंडर घटवायची युक्ती निघाली, मग सेक्टरला थेट क्रमांक द्यायची. तो क्रमांक २८ बिटांचा, म्हणून १३७ जीबी. २००२ च्या सुमारास ४८ बिटांचा झाला. १३७ ची भिंत सर्वांत घातकी. बायोस नवा आणि ड्रायव्हर जुना असला, तर १३७ च्या पुढचं लिखाण गुपचूप डिस्कच्या सुरुवातीला जाऊन पडायचं आणि सगळी माहिती मातीत. दर खेपेला "एवढं कोणाला लागतंय" म्हणून रकाना आखायचा, ही अभियंत्यांची खोड मला अजून क्षम्य वाटत नाही.

याच नादात वारणेपर्यंत आलो. १९९८ मध्ये 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्पात वारणा साखर कारखान्याच्या परिसरातल्या, कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतल्या सत्तरेक गावांसाठी संगणक केंद्रं आखली गेली. तिथं डिस्क अपुऱ्या पडल्याची गोष्ट सापडेल असं वाटलं होतं. सापडलं भलतंच. बाजारभाव, सल्ला, इंटरनेट अशी स्वप्नं होती; प्रत्यक्षात काम चाललं ते मुख्यतः कारखान्याचं. ऊसनोंद, तोड, काट्यावरचं वजन. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधकांनी सात गावांत आठ महिने संगणकाऐवजी मोबाइल वापरून पाहिला. संगणकावरचं सगळं काम एसएमएसवर झालं, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना तेच जास्त आवडलं.

एका एसएमएसमध्ये इंग्रजी अक्षरं मावतात १६०. देवनागरीत लिहिलं तर ७०.