शॉकअपचे तेल का गळते?

पालेगावात माझा एक जुना विद्यार्थी राहतो. अंबरनाथच्या एका कारखान्यात तो कामाला आहे. रोज मोटारसायकलने जातो-येतो. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. चेहरा उतरला होता.

"काय रे, काय झालं?" मी विचारले.

"गुरुजी, आज थोडक्यात वाचलो. मागे धाकटी मुलगी बसली होती. रस्त्यात म्हैस आडवी आली. पुढचा ब्रेक दाबला, पण तो धरलाच नाही. मागच्या ब्रेकवर गाडी कशीबशी थांबली."

आम्ही बॅटरी घेऊन गाडी पाहिली. पुढच्या चाकाची ब्रेकची चकती तेलाने माखली होती. तेल वरून, शॉकअपमधून ओघळत होते.

"हे कधीपासून गळतंय?"

"महिना झाला असेल. मी रोज फडक्याने पुसतो की!"

आता बघा, घर गळू लागले तर आपण नुसती जमीन पुसत बसतो का? नाही. वर चढतो आणि फुटके कौल बदलतो. गाडीचेही तसेच आहे.

शॉकअपच्या आत काय असते?

पुढच्या चाकाच्या दोन बाजूंना दोन शॉकअप असतात. प्रत्येकात एक चकाकता पाइप असतो. तो खालच्या जाड नळ्यात वरखाली सरकतो. आत एक लांब स्प्रिंग असते आणि तेल असते.

खड्डा आला की स्प्रिंग दाबली जाते. पण नुसती स्प्रिंग असती तर गाडी उड्या मारीत राहिली असती. तेल ती उडी जिरवते. कसे? रंगाची पिचकारी आठवा. बारीक भोकातून पाणी बाहेर काढायला जोर लागतो. शॉकअपमधले तेलही अशाच बारीक भोकांतून जाते. त्यात धक्क्याचा जोर खर्च होतो. १९३५ साली जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने असे तेलाचे शॉकअप लावलेल्या मोटारसायकली विकायला काढल्या. आज आपल्या गावातल्या गाड्याही त्याच रीतीने चालतात.

मग हे तेल बाहेर का सांडत नाही? नळ्याच्या तोंडाशी, पाइपभोवती रबराची एक कडी बसवलेली असते. तिला ऑइल सील म्हणतात. तिची आतली कड ओठासारखी पातळ असते. हा ओठ पाइपला धरून राहतो आणि तेल आत ठेवतो. ओठाखाली माती शिरली, पाइपला गंज चढला किंवा रबर जुने झाले, की तेल गळू लागते.

तेल गळाले की दोन धोके असतात. एक, तेल कमी झाल्याने चाक खड्ड्यावर उडते आणि रस्त्याची पकड सुटते. दुसरा धोका मोठा. तेल ओघळून ब्रेकवर आले की ब्रेक धरत नाही.

आधी एवढे करून पाहा

कधी कधी सील चांगले असते. फक्त ओठाखाली मातीचा कण अडकलेला असतो. सीलच्या वर धुळीसाठी एक रबरी टोपी असते. ती हलकेच वर सरकवा. पातळ पण ताठ प्लॅस्टिकची पट्टी घ्या. ती सील आणि पाइप यांच्यामध्ये घालून गोल फिरवा. माती बाहेर येईल. पाइप आणि ब्रेकची चकती पुसून दोन दिवस पाहा. या दोन दिवसांत गाडी जपून आणि हळू चालवा. गळती थांबली तर पैसे वाचले. थांबली नाही तर सील बदलावे लागेल.

सील कसे बदलावे?

हे काम साध्या गाडीचे आहे. ज्या महाग गाड्यांत चकाकता पाइप खाली आणि जाड नळा वर असतो, त्या घरी खोलू नयेत. पहिल्या खेपेला जाणता माणूस जवळ असावा.

सामान आणा: दोन्ही बाजूंची नवी सीले, शॉकअपचे तेल, तळाच्या बोल्टचे तांब्याचे वॉशर. एका बाजूचे सील गेले तरी दोन्ही बदलावीत.

१. गाडी मधल्या स्टँडवर घ्या. इंजिनाखाली लाकडी ठोकळा द्या. पुढचे चाक उचलले गेले पाहिजे. गाडी डुगडुगत असेल तर काम सुरू करू नका.

२. शॉकअप जागेवर असतानाच वरची पकड सैल करा. मग शॉकअपचा वरचा आणि तळाचा बोल्ट थोडा सैल करा. शॉकअप हातात आल्यावर ते निघता निघत नाहीत.

३. चकतीला दाबणारा कॅलिपर सोडवा आणि सुतळीने वर बांधा. तो नळीवर लोंबकळू देऊ नका. या वेळी पुढचा ब्रेक कोणी दाबू नये. मग चाक आणि मडगार्ड काढा. शॉकअप खाली ओढून घ्या.

४. आता वरचा बोल्ट काढा. सावध! खाली स्प्रिंग दाबलेली असते. तोंड बाजूला ठेवा आणि हाताने दाबून धरा. निघालेला प्रत्येक भाग कागदावर ओळीने मांडा.

५. तेल डब्यात ओता. तळाचा बोल्ट काढा. रबरी टोपी काढा. तिच्याखाली तारेचे लॉक असते, तेही काढा. पाइप ओढून घ्या. जुने सील पेचकसाने उचकटा, पण नळ्याच्या कडेला फडके लावा. तिथे ओरखडा पडता कामा नये.

६. पाइपवरून नख फिरवा. नख अडकले तर तिथे खड्डा आहे. असा पाइप नवे सीलही थोड्याच दिवसांत फाडतो. तो बदलावा लागतो.

७. सर्व भाग पुसून पाइप नळ्यात घाला. तळाचा बोल्ट नव्या वॉशरसह आवळा. पाइपच्या वरच्या तोंडावर प्लॅस्टिकची पिशवी ओढा, म्हणजे सीलचा ओठ कापला जाणार नाही. सीलला तेल लावून वरून सरकवा. आत बारीक तारेची स्प्रिंग दिसते ती बाजू खाली, तेलाकडे. अक्षरे असलेली बाजू वर. जुने सील वर ठेवून चोहोबाजूंनी सारखे ठोका. लॉकची खाच दिसली की थांबा. लॉक आणि टोपी बसवा.

८. तेल मापून ओता. प्रत्येक गाडीचे माप वेगळे असते. गाडीच्या पुस्तकात पाहा, किंवा कंपनीच्या दुकानातून माप लिहून आणा. दोन्ही बाजूंना अगदी सारखे तेल हवे. पाइप चार-पाच वेळा हळूहळू वरखाली करा, म्हणजे आतली हवा निघेल. मग स्प्रिंग आणि वरचा बोल्ट बसवा.

९. सर्व जोडून बोल्ट पुन्हा एकदा तपासा. चकती ब्रेक साफ करण्याच्या फवाऱ्याने पुसा. ब्रेकचे पॅड तेलाने भिजले असतील तर नवे घाला. ते धुऊन भागत नाही. ब्रेक कडक लागेपर्यंत पुन्हा पुन्हा दाबा. हे केल्याशिवाय गाडीवर बसू नका.

जुने तेल गटारात ओतू नका. गॅरेजवाल्याच्या जुन्या तेलाच्या डब्यात द्या. शिवमंदिराजवळून वाहणारी आपली वालधुनी आधीच मळली आहे. तिच्यात आपली भर नको.

माझ्या विद्यार्थ्याने एका रविवारी हे काम केले. एक ओळखीचा फिटर शेजारी बसला होता. तेल ओतायची वेळ आली तेव्हा दोघांचे हात माखलेले. तेव्हा त्याची बायको पुढे आली. ती आपल्या रात्रीच्या वर्गात येते. तिने चिठ्ठीवरचे माप एकेक आकडा लावून वाचले. मापाच्या पेल्यावरची रेघही तिनेच पाहिली.

"अजून थोडं," ती म्हणाली. "हां, बस्स."

दुसऱ्या दिवशी मुलगी बापाच्या मागे बसून शाळेत गेली. संध्याकाळी मी पाइपवर बोट फिरवले. बोट कोरडे निघाले.